डावखुरा आहे म्हणून आतापासूनच रिलीव्हर करावं का?

वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. तुम्ही डॅलसजवळ राहता. मुलगा पंधरा वर्षांचा, बेसबॉलमध्ये डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा), फास्टबॉल ताशी ७८ मैलांपर्यंत जातो. ट्रॅव्हल संघाचे (शाळेबाहेर स्पर्धा खेळणाऱ्या संघाचे) कोच म्हणतात, याला आतापासून रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच पहिल्या पिचरच्या जागी येणारा) म्हणूनच घडवू या, कारण डावखुऱ्या रिलीव्हरला कायम मागणी असते आणि असा पिचर चाळिशीपर्यंत आरामात खेळतो. हे खरं आहे का आणि खरं असेल तर हो म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी न्यू जर्सीत हायस्कूल आणि ट्रॅव्हल संघांच्या पिचर्सना शिकवतो. स्वतः डावखुरा आहे, महाराष्ट्रात शाळा-विद्यापीठात बेसबॉल खेळून इकडे आलो, त्यामुळे डावखुरी मुलं बहुधा माझ्याकडेच पाठवली जातात. माझं मत आधी सांगतो आणि मग कारणं. मागणी आहे, हे बरोबर. पण ज्या प्रकारच्या डावखुऱ्या रिलीव्हरचं चित्र कोचच्या डोळ्यासमोर आहे, तो प्रकार मेजर लीगमधून, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधून, जवळजवळ संपलाय. आणि पंधराव्या वर्षी मुलाला बुलपेनमध्ये (रिलीव्हर जिथे बसतात आणि तापतात ती जागा) बसवलं, तर आज लागणारा रिलीव्हर होण्याची त्याची शक्यता उलट कमी होते.

आधी ही समजूत येते कुठून ते बघू, कारण ती हवेतली नाही. मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त सामन्यांत पिचिंग केलेला माणूस डावखुरा रिलीव्हर आहे: जेसी ओरोस्को. १९७९ ते २००३, एकूण १,२५२ सामने. शेवटचा सामना खेळला तेव्हा त्याचं वय ४६ होतं. त्याच्या खालोखाल माइक स्टँटन, १,१७८ सामने, तोही डावखुरा. तुमच्या कोचनी लहानपणापासून असे लोक पाहिले असणार. सातव्या-आठव्या इनिंगमध्ये समोरच्या संघाचा तगडा डावखुरा बॅटर आला की मॅनेजर बाहेर यायचा, बुलपेनकडे डावा हात दाखवायचा, एक पिचर धावत यायचा, चार-पाच चेंडू टाकायचा, एक आउट काढायचा आणि परत जायचा. रँडी चोटने २०१२ मध्ये असे ८० सामने खेळले आणि त्या सगळ्यात मिळून चाळीस इनिंगसुद्धा भरल्या नाहीत.

हे चालायचं कारण साधं आहे. डावखुऱ्या पिचरचा चेंडू डावखुऱ्या बॅटरला आपल्या खांद्यामागून आल्यासारखा दिसतो, आणि स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) असेल तर तिथून निघून त्याच्यापासून लांब जातो. आपल्याकडच्या वाचकांसाठी क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर स्लायडरची दिशा कुलदीप यादवच्या नेहमीच्या चेंडूची, डावखुऱ्या फलंदाजापासून बाहेर. चेंजअपची (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा चेंडू) दिशा त्याच्या उलट, जडेजाच्या चेंडूची, म्हणजे उजव्या बॅटरपासून बाहेर. ही दुसरी दिशा लक्षात ठेवा, माझं सगळं उत्तर पुढे तिच्यावरच येणार आहे. आणखी एक गोष्ट अशी की बॅटरने लहानपणापासून बहुतेक उजवेच पिचर पाहिलेले असतात. डावखुऱ्याचा हात चेंडू सोडताना कुठे असतो, याची त्याच्या डोळ्याला सवयच नसते. डावखुऱ्या बॅटरला तर ती आणखी कमी.

मग २०२० मध्ये नियम बदलला. मेजर लीगमध्ये आता पिचर आला की त्याने किमान तीन बॅटर्सना तोंड दिलंच पाहिजे, किंवा ती अर्धी इनिंग संपवली पाहिजे. दुखापत किंवा आजारपण झालं तरच सूट. म्हणजे एका डावखुऱ्या बॅटरसाठी आणलेल्या पिचरला पुढचे दोन उजवेही झेलावे लागतात, आणि समोरचा मॅनेजर ते बघूनच बॅटर्सचा क्रम लावतो. ज्याच्याकडे फक्त फास्टबॉल आणि स्लायडर आहे, जो उजव्या बॅटरसमोर उघडा पडतो, त्याला बाहेर आणणंच धोक्याचं झालं. शाळेत आणि कॉलेजात हा नियम नाही. त्यामुळे तिथले कोच अजूनही डावखुऱ्या मुलाला एका बॅटरपुरतं वापरतात आणि मुलालाही वाटतं, हेच आपलं काम.

ओरोस्कोचंच उदाहरण नीट पाहिलं तर हेच दिसतं. लोकांना त्याची शेवटची वर्षं आठवतात, एकेका बॅटरपुरती येऊन जाण्याची. पण १९८३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून त्याने रिलीव्हर म्हणून ११० इनिंग टाकल्या होत्या, १.४७ ईआरएने (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी), आणि साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला होता. २७ ऑक्टोबर १९८६ ला शे स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना त्याने संपवला, गुडघ्यावर बसून ग्लोव्ह हवेत फेकला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या शेवटच्या चेंडूवर स्ट्राइकआउट झालेला मार्टी बॅरेट उजव्या हाताने बॅटिंग करायचा. ओरोस्को आधी उजव्या-डाव्या सगळ्यांना आउट करणारा पिचर होता. वय झाल्यावर, वेग उतरल्यावर त्याने काम आखडून घेतलं आणि कारकीर्द लांबवली. कोच तुमच्या मुलाला त्या कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करायला सांगताहेत.

जॉन फ्रँकोही असाच. ब्रुकलिनचा, उंची ५ फूट १० इंच, वेगाच्या बाबतीत फार नाव नव्हतं. तरी ४२४ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने), आजपर्यंत कुठल्याही डावखुऱ्याने काढलेले सर्वांत जास्त. त्याचं हत्यार चेंजअप होतं, उजव्या बॅटरपासून बाहेर पळणारं.

आता मोठे डावखुरे रिलीव्हर प्रत्यक्षात कसे घडले ते बघा. अँड्र्यू मिलर २००६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सहावा निवडला गेला, स्टार्टर म्हणून, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर म्हणून. अनेक वर्षं जम बसला नाही. बोस्टनने २०१२ मध्ये त्याला बुलपेनमध्ये हलवलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. दोन हंगामांनंतर त्याला यांकीजकडून चार वर्षांचा ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार मिळाला, आणि २०१६ मध्ये क्लीव्हलंडकडून तो अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जॉश हेडर २०१२ च्या ड्राफ्टमध्ये एकोणिसाव्या फेरीत गेला, मायनर्समध्ये (मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक पातळ्यांवर) स्टार्टर म्हणून वाढला, आणि २०२४ च्या जानेवारीत ह्यूस्टनने त्याच्याशी पाच वर्षांचा साडेनऊ कोटी डॉलरचा करार केला. बिली वॅग्नर लहानपणी उजव्या हाताचा होता. तो हात मोडला म्हणून डाव्याने टाकायला शिकला, कॉलेजात आणि मायनर्समध्ये स्टार्टर राहिला, मग ४२२ सेव्ह काढून २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिघांनाही आधी भरपूर इनिंग मिळाल्या, दोन-तीन प्रकारचे चेंडू घडवायला वेळ मिळाला, एकाच सामन्यात तोच बॅटर तिसऱ्यांदा समोर आल्यावर काय करायचं ते कळलं. बुलपेनचा निर्णय नंतर, मोठ्या माणसांनी, मोठ्या वयात घेतला.

उलट वाटही आहे. योहान सांताना आणि क्रिस सेल हे दोघंही मेजर लीगमध्ये रिलीव्हर म्हणून सुरू झाले आणि मग स्टार्टर होऊन पुरस्कार जिंकले. पण सेल बुलपेनमध्ये आला तेव्हा त्याच्याकडे स्टार्टरचा पूर्ण संच होता, आणि सांतानाचा चेंजअप २००२ मध्ये मायनर्समध्ये स्टार्टर म्हणून टाकताना पक्का झाला, म्हणून परत फिरता आलं. पंधराव्या वर्षापासून दर सामन्याला वीस चेंडू टाकणाऱ्या मुलाकडे तो संच तयारच होत नाही. वीस चेंडूंत कोणी चेंजअप टाकून बघत नाही, सामना अडलेला असतो. कोचही म्हणतात, तुझा चांगला चेंडू टाक. चांगला चेंडू म्हणजे स्लायडर. मुलगा दोन वर्षं तेवढंच करत राहतो.

म्हणून माझ्याकडे डावखुरा मुलगा आला की मी आधी चेंजअप बघतो. अंगठा आणि तर्जनी यांचं कडं करून चेंडूच्या बाजूला ठेवायचं, चेंडू मधल्या बोटांवर बसवायचा, आणि हात मात्र फास्टबॉलइतक्याच वेगाने फिरवायचा. पकड दहा मिनिटांत येते, हाताचा वेग कायम ठेवणं वर्षभरात येत नाही. मुलं नकळत हात धीमा करतात. ते ओळखायला मी माउंडच्या (पिचर उभा राहतो तो उंचवटा) मातीकडे बघतो. फास्टबॉल टाकताना पुढचा पाय जिथे पडतो तिथे बुटाच्या टोकाने आडवी रेघ ओढून ठेवतो. मग न सांगता चेंजअप मागवतो. पाय रेघेच्या अलीकडे, अर्धा-पाऊण फूट मागे पडला, तर मुलाने अख्खं शरीर धीमं केलंय. चांगला बॅटर ते लगेच ओळखतो. पाय रेघेवरच पडून चेंडू आठ-दहा मैल हळू गेला, तर समजावं की काम सुरू झालं. तुमच्या मुलाच्या बाबतीत ७८ चा फास्टबॉल आणि ६८-७० चा चेंजअप, पाय त्याच रेघेवर. हे घरच्या घरी तपासता येतं, रडार गनसुद्धा नंतर आणली तरी चालेल.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती म्हणजे हात किती उंचावरून येतो. हात वरून येणाऱ्या डावखुऱ्याला उजव्या बॅटरचा त्रास तुलनेने कमी होतो. बाजूने, कमरेच्या पातळीवरून टाकणारा डावखुऱ्या बॅटरला फार जड जातो, पण उजव्याला चेंडू फार लवकर दिसतो. तुमच्या मुलाचा हात कसा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो मुळातच बाजूने टाकत असेल, तर चेंजअपची गरज आणखी मोठी. वरून टाकत असेल, तर स्लायडरला जास्त आडवं वळण मिळावं म्हणून कोणी हात खाली आणायला सांगितलं तर आत्ता तरी नको म्हणा. हात खाली आणणं हा मायनर्समध्ये अडकलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या पिचरचा उपाय आहे.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या मुद्द्याकडे येतो. पुष्कळ पालकांना वाटतं, रिलीव्हर म्हणजे कमी चेंडू, म्हणजे हात सुरक्षित. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. तिसऱ्या इनिंगमध्ये स्टार्टर अडचणीत आला की कोच ओरडतात, उठ. मुलगा घाईघाईत पंधरा-वीस चेंडू पूर्ण जोराने टाकतो. स्टार्टर सावरतो. मुलगा बसतो, घाम वाळतो, हात थंड होतो. पाचव्या इनिंगमध्ये परत उठ, परत पंधरा. शेवटी सहाव्यात आत जातो, माउंडवर आठ सरावाचे चेंडू, मग सामन्यातले पंचवीस. स्कोअरबुकात पंचवीस लिहिलं जातं. हाताने साठाहून जास्त टाकलेले असतात, तेही तीनदा तापून दोनदा थंड होऊन. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून काढलेल्या पिच स्मार्ट मार्गदर्शक तत्त्वांत १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू आहेत, आणि ३० पर्यंत टाकले तर विश्रांतीचा दिवस सक्तीचा नाही. कागदावर पंचवीस असल्यामुळे रविवारी सकाळी तोच मुलगा परत उपलब्ध धरला जातो. स्टार्टरला मात्र आपला दिवस आधीच माहीत असतो. तो एकदाच तापतो, टाकतो, आणि पुढचे दिवस त्याला कोणी हात लावत नाही. या वयात स्टार्टर असणंच बऱ्याचदा हाताला जास्त सोयीचं असतं, फक्त मोजणारा माणूस प्रामाणिक हवा.

कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट गेलं, तर जी शस्त्रक्रिया होते तिला नावच एका डावखुऱ्या पिचरचं आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर ती पहिल्यांदा केली. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. या गोष्टीमुळे मुलांना वाटतं की ऑपरेशन झालं की हात नवा होतो. परतायला साधारण बारा ते अठरा महिने जातात, आणि हायस्कूलच्या चार वर्षांतले तेवढे महिने परत येत नाहीत. वर्षातले चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन सलग असे की खांद्यावरून काहीच फेकायचं नाही, ही त्याच तत्त्वांतली सूचना टेक्सासच्या हवेत पाळणं अवघड आहे, कारण तिथे बाराही महिने मैदानं चालू असतात. तुम्हीच घरात सुट्टी ठरवा.

आपल्या लोकांना बेसबॉलवाल्या रिंकू सिंगचं (क्रिकेटपटू नव्हे) नाव आठवत असेल. उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला, भालाफेक करणारा डावखुरा मुलगा. २००८ मध्ये भारतात झालेल्या पिचिंग स्पर्धेत त्याने ताशी ८७ मैल वेग काढून एक लाख डॉलर जिंकले आणि त्याच वर्षी दिनेश पटेलबरोबर पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला. त्याला घडवलं टॉम हाउस यांनी, जे स्वतः डावखुरे रिलीव्हर होते. १९७४ मध्ये हँक ॲरनचा विक्रमी ७१५ वा होम रन ब्रेव्हजच्या बुलपेनमध्ये उभ्या असलेल्या त्यांनीच झेलला होता. रिंकूने आयुष्यात कधी बेसबॉल पाहिला नव्हता, तरी रिलीव्हर म्हणून तो मायनर्समधल्या क्लास-ए पातळीपर्यंत पोचला. माझ्या मते परदेशी मातीवर केलेलं हे फार मोठं काम आहे आणि त्याची आपल्याकडे पुरेशी कदर झाली नाही. पण पुढची वर्षं दुखापतीत आणि शस्त्रक्रियेत गेली, आणि २०१८ मध्ये तो कुस्तीच्या व्यावसायिक रिंगणात गेला. वेग होता, डावा हात होता, जिद्द अफाट होती. लहानपणापासूनच्या इनिंग नव्हत्या आणि हाताने साथ दिली नाही.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 'कायम मागणी' म्हटलं की तो विषय येतोच. मेजर लीगच्या २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर असतात. पाच स्टार्टर धरले तर उरतात आठ रिलीव्हर, आणि त्यातले साधारण दोन-तीन डावखुरे. तीस संघ धरले तर जगभरात अशा साठ ते नव्वद जागा. २०२५ मध्ये मेजर लीगचं किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होतं. २०२३ च्या करारात ट्रिपल-ए पातळीचं (मायनर्सची सर्वांत वरची) किमान वर्षाला ३५,८०० डॉलर आणि तिच्या खालच्या डबल-ए चं ३०,२५०. मधली दरी एवढी आहे, आणि रिलीव्हर त्या दरीच्या काठावरच राहतो. त्याचे 'ऑप्शन' (मायनर्समध्ये पाठवायची संघाची मुभा) शिल्लक असतील तर त्याला एका हंगामात पाच वेळा खाली पाठवता येतं. काल-परवा दोन दिवस टाकून दमला, की आज त्याला खाली पाठवायचं आणि ताज्या हाताचा दुसरा वर आणायचा, हे रोज चालतं. मोठे करार मी वर सांगितले, ते मोजक्यांचे.

हे सगळं तुम्हाला जवळून बघता येईल. फ्रिस्कोला टेक्सास रेंजर्सचा डबल-ए संघ आहे, रफरायडर्स. तिथल्या मैदानात बुलपेन प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्येच आहेत. मुलाला घेऊन पाचव्या इनिंगपासून तिथे बसा आणि सामन्याकडे न बघता डावखुऱ्या रिलीव्हरकडे बघा. तो तापायला किती चेंडू घेतो, किती वेळा उठून बसतो, आणि तापताना चेंजअप किती टाकतो, हे मुलाला मोजायला सांगा.

कोचशी बोलताना भांडण नको. ते त्यांच्या अनुभवातून बोलताहेत, आणि स्पर्धेत त्यांना शेवटच्या इनिंगसाठी डावखुरा हवाच असतो. एवढंच ठरवून घ्या: आठवड्याला एक ठरलेली स्टार्ट, सुरुवातीला तीन-चार इनिंगची का होईना, त्यात ठरावीक चेंजअप टाकायचेच, मार पडला तरी, आणि बुलपेनमध्ये उठवलं तर एकदाच, आणि ते चेंडूही मोजायचे. संघात चार चांगले स्टार्टर आधीच असतील आणि स्टार्ट मिळणारच नसेल, तर मी दुसरा संघ शोधेन, जरा दुबळा असला तरी चालेल. मुलाला मात्र स्वतःलाच शेवटच्या इनिंगची मजा येत असेल, अडचणीत आत जायला आवडत असेल, तर महिन्यातून एकदा तेही करू द्या, ती आवड दाबू नका.

त्याचा हात किती उंचीवरून येतो आणि चेंजअप सध्या कसा पडतो, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. बाजूने काढलेला व्हिडिओ असेल तर उत्तमच, फक्त पुढचा पाय त्यात पूर्ण दिसायला हवा.